रविवार संध्याकाळची धास्ती: शुक्रवारपासून सुरू होणारा उपाय

रविवारची दुपार टळली की अनेकांचा सूर बदलतो. पोटात गोळा येतो, घरच्यांशी बोलणं तुटक होतं, समोर चाललेल्या गोष्टीत लक्ष लागत नाही. ऑफिसचं काही आलंय का हे पाहायला हात आपसूक फोनकडे जातो. रात्री अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामं एकेक करून डोळ्यांसमोर येत राहतात आणि सकाळी उठून कामावर जाणं अगदी जिवावर येतं. याला आळस किंवा कामचुकारपणा म्हणणं चूक आहे. येणाऱ्या त्रासाच्या नुसत्या चाहुलीने शरीर आधीच सावध होतं, एवढाच त्याचा अर्थ. सोमवारी कामाला लागल्यावर तासाभरात बऱ्याच जणांना हायसं वाटतं, ते याच कारणाने.

बहुतेक जण रविवारी संध्याकाळी यावर उपाय शोधायला बसतात. त्या वेळी हाताशी फारसं काही नसतं: ऑफिस बंद, माणसं भेटणार नाहीत, कामं पुढे सरकणार नाहीत. धास्तीचं मूळ पुष्कळदा शुक्रवारी दुपारी असतं, घाईघाईने अर्धवट टाकून उठलेल्या कामांत. म्हणून इथली रीत शुक्रवारपासून सुरू होते. ज्यांचा आठवडा वेगळ्या वारी सुरू होतो त्यांनी वार बदलून घ्यावेत. पाळीत काम करणाऱ्यांनी शुक्रवार म्हणजे सुट्टीआधीची शेवटची पाळी समजावी.

आधी धास्ती नेमकी कशाची, ते शोधा

याला दहा मिनिटं आणि एक कागद पुरतो. रविवारी मन जड झालं की त्याच वेळी तीन गोष्टी लिहा: किती वाजले, त्रास ० ते १० मध्ये किती, आणि सोमवारचा विचार आला की सगळ्यात आधी डोळ्यांसमोर काय उभं राहतं. तिसरी गोष्ट महत्त्वाची. ‘ऑफिसचं टेन्शन’ असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. ‘दहाच्या मीटिंगमध्ये मला आकडे विचारतील आणि माझ्याकडे ते तयार नाहीत’, असं लिहा.

भावनेला शब्द दिल्याने तिचा जोर थोडा उतरतो, हे मेंदूच्या स्कॅनमधूनही दिसलं आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या, भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया कमी होत होती. पण लिहिण्याचा त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. चार रविवार असं लिहिलंत की कारण सहसा एक-दोन गोष्टींवर येऊन ठेपतं. कुणाचं कारण अर्धवट कामं, कुणाचं एखादा माणूस किंवा ठरावीक मीटिंग, कुणाचं निव्वळ झोपेचा घोळ, तर कुणाचं कामच झेपत नाही हे. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. कारण माणूस असेल तर कामांच्या याद्या करून उपयोग नाही, आणि कारण झोप असेल तर नोकरी बदलूनही रविवार तसाच जाईल.

शुक्रवारचा शेवटचा अर्धा तास

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा.

अर्धवट राहिलेली कामं मनात घोळत राहतात, हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्ये मांडलं. अर्धवट कामं जास्त लक्षात राहतात हा त्यांचा निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांत प्रत्येक वेळी तसाच आढळला नाही. पण २०११ मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी एक उपयोगाची गोष्ट दाखवून दिली: काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं याचा ठोस बेत लिहून ठेवला, की ते काम मध्येमध्ये डोक्यात येणं थांबतं. म्हणजे शुक्रवारी सगळं संपवायची गरज नाही, प्रत्येक कामाचं पुढचं पाऊल ठरलेलं असलं की पुरे.

निघायच्या अर्धा तास आधी नवं काम हातात घेणं बंद करा. मग या क्रमाने जा.

पहिली दहा मिनिटं: डोक्यात, मेलमध्ये, वहीत, चॅटमध्ये लोंबकळत असलेलं सगळं एका कागदावर उतरवा. क्रम लावू नका, महत्त्वाचं-बिनमहत्त्वाचं ठरवत बसू नका. ‘अमुक व्यक्तीला फोन करायचा राहिला’ हेही त्यात आलं पाहिजे, कारण रात्री अकराला आठवतात त्या बहुतेक अशाच बारीक गोष्टी.

पुढची दहा मिनिटं: प्रत्येक कामापुढे पुढची एकच कृती आणि वेळ लिहा. ‘तिमाही अहवाल’ अशी नोंद रविवारी भीती घालते, कारण तिच्यात सुरुवात कुठून करायची तेच नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘सोमवार, साडेनऊ: अहवालाची फाइल उघडणे, पान ३ वरचा विक्रीचा तक्ता मार्चच्या आकड्यांनी भरणे, लेखा विभागाला तपासायला पाठवणे.’ या नोंदीत क्रियापद आहे, पान आहे, काम कुठे संपतं तेही आहे. यादीत पंधरा कामं असली तर सोमवारच्या नावावर तीनच ठेवा, बाकीच्यांना मंगळवार ते गुरुवार वाटून द्या. सगळी पंधरा सोमवारवर टाकलीत तर यादी करूनही धास्ती वाढेल. ही चूक नवे लोक हमखास करतात.

त्यानंतर पाच मिनिटं सोमवारचं कॅलेंडर पाहा. कोणती मीटिंग किती वाजता, तिच्यात तुमच्याकडून काय अपेक्षित आहे, कागद तयार आहेत का. तयार नसतील तर आत्ताच तसं कळवा: ‘आकडे सोमवारी बारापर्यंत मिळतील, तोपर्यंत मागच्या महिन्याचे वापरूया.’ शुक्रवारी पाठवलेली ही एक ओळ रविवारची सगळी संध्याकाळ सोडवू शकते. दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागेल ही भीती तिने आधीच संपते.

शेवटची पाच मिनिटं टेबलासाठी. सोमवारी जे काम पहिलं करायचं त्याचे कागद वर ठेवा, फाइल जिथे थांबलात तिथे खूण करून ठेवा, बाकीचं आवरा. यादी ऑफिसातच राहू द्या. घरी नेली की ती वाचली जाते, आणि वाचली की पुन्हा डोकं त्यातच जातं.

हा अर्धा तास बहुतेकांचा का फसतो? कारण शुक्रवारी चार-पाचच्या सुमारास सगळ्यांनाच आपापलं काम दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायचं असतं. तुमच्याकडे असं होत असेल तर आवराआवर शुक्रवारी दुपारी जेवणानंतर लगेच करा आणि निघताना पाच मिनिटांत यादी अद्ययावत करा. ऐनवेळी काम घेऊन आलेल्याला नाही म्हणायची गरज नाही. ‘घेतलं, सोमवारी अकराला बघतो’ असं म्हणा आणि यादीत लिहा.

सुट्टीत मेल डोकावून पाहणं

एकदाच बघतो आणि निश्चिंत होतो, असं वाटतं. घडतं उलटं. दहापैकी नऊ मेल बिनमहत्त्वाच्या असतात. दहावीत एखादी नाराजीची ओळ असते, आणि रविवारी तुम्ही त्यावर काहीच करू शकत नाही. ती ओळ सोमवारपर्यंत चघळली जाते. शिवाय काही निघालं नाही तर जो सुटकेचा निःश्वास पडतो त्यानेच पुन्हा तासाभराने बघायची ओढ लागते.

शुक्रवारी निघताना ऑफिसच्या मेलची आणि चॅटची सूचना बंद करा, ॲप पहिल्या पडद्यावरून हलवा. घरची कामंही त्याच फोनवर होत असतील तर एवढं अंतर पुरतं. ज्यांना सुट्टीतही उपलब्ध राहावं लागतं त्यांनी वेळ बांधून घ्यावी: रविवारी सकाळी अकरा ते अकरा वीस. संध्याकाळ नको. त्या वीस मिनिटांत जे खरोखर थांबू शकत नाही त्यालाच उत्तर द्या, उरलेलं सोमवारी यादीत घालायचं म्हणून वेगळं टिपून ठेवा. खरी आणीबाणी असेल तर फोन करा, असं टीमला सांगून ठेवलंत की मेल न बघण्याची टोचणी लागत नाही.

झोपेचा घोळ

रविवारी रात्री झोप न येण्याचं कारण पुष्कळदा चिंता नसून घड्याळ असतं. शुक्रवारी आणि शनिवारी उशिरा झोपून दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास उशिरा उठलं की शरीराचं अंतर्गत घड्याळ मागे सरकतं. रविवारी नेहमीच्या वेळी अंथरुणावर पडलात तरी शरीराच्या हिशेबाने रात्र झालेलीच नसते. कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांतल्या झोपेच्या वेळांमधल्या या फरकाला टिल रोएनेबर्ग यांच्या गटाने २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. मग जागं राहिलेलं डोकं रिकामं बसत नाही, सोमवार चघळू लागतं. चिंतेने झोप गेली असं वाटतं खरं, पण आधी झोप हुकलेली असते.

उपाय साधा आहे, पाळायला मात्र जड. सुट्टीतही उठण्याची वेळ एका तासापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका. झोप कमी पडली असेल तर दुपारी तीनच्या आत वीस ते तीस मिनिटं पडा. उठल्यावर अर्ध्या तासात बाहेर उजेडात जा, कारण सकाळचा उजेड घड्याळ पुढे ओढतो. कॅफिनचा अर्धा अंश शरीराबाहेर पडायला मोठ्या माणसाला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन रात्री दहाला रक्तात असतं, म्हणून रविवारी दुपारनंतर ते टाळा. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते आणि पहाटे चारला अस्वस्थ जाग येते.

रविवारी मुद्दाम नऊलाच आडवं होऊ नका. ‘उद्या ताजंतवानं असायला हवं’ म्हणून लवकर झोपायचा प्रयत्न बहुधा दोन तासांच्या कुशी बदलण्यात संपतो. नेहमीच्या वेळी, डोळे जड झाल्यावर अंथरुणावर जा. साधारण वीस मिनिटं झोप आली नाही तर उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी शांत करा, पेंग आली की परत या. अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा, हे समीकरण तोडण्यासाठी हे करायचं. घड्याळ पालथं ठेवा.

रविवारची संध्याकाळ कशी भरायची

संध्याकाळ मोकळी ठेवणं ही विश्रांती आहे असा समज असतो. प्रत्यक्षात मोकळ्या वेळेत धास्तीला सगळ्यात जास्त जागा मिळते. फोनवर बोट सरकवत घालवलेले दोन तासही मोकळेच धरा, कारण त्यात मन गुंतत नाही. कामानंतर माणूस ताजातवाना कशाने होतो याचा अभ्यास करणाऱ्या झोनेंटाग आणि फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार गोष्टी वेगळ्या काढल्या: मनाने कामापासून सुटणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी अवघड जमवण्याचा आनंद, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. तिसरी बहुतेकांच्या सुट्टीत नसतेच. वाद्य, खेळ, सुतारकाम, नवा पदार्थ, बागकाम, काहीही चालेल. हात आणि लक्ष दोन्ही लागलं पाहिजे. ते रविवारी पाच ते सात या वेळेत ठेवा, आणि शक्य असेल तर दुसऱ्या कुणाबरोबर, म्हणजे ऐनवेळी रद्द होत नाही.

इस्त्री, सामान आणणं, डबा आणि कपड्यांची तयारी ही कामं शनिवारी किंवा रविवारी सकाळी उरका. ती रविवारी रात्री केली की प्रत्येक काम सोमवारची आठवण करून देतं.

चिंता येणारच, तर तिला वेळ द्या. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये चिंतेची वेळ आणि जागा बांधून देण्याची पद्धत तपासली, आणि आजही समुपदेशक ती शिकवतात. रविवारी दुपारी चार ते सव्वाचार, एका ठरावीक खुर्चीत, कागद घेऊन बसा. येईल ती काळजी लिहा. ज्यावर काही करता येईल तिच्यापुढे कृती आणि वेळ, जिच्यावर काही करता येत नाही तिच्यापुढे एक रेघ. दिवसभरात इतर वेळी काळजी डोकावली तर ‘चारला’ एवढं स्वतःला सांगून हातातल्या कामाकडे वळा. पहिल्या दोन आठवड्यांत हे कृत्रिम वाटतं आणि मन ऐकतही नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून जमू लागतं. ही बैठक झोपण्याच्या तोंडावर मात्र ठेवू नका.

झोपताना डोकं सुरू झालंच तर पाच मिनिटं पुढच्या दिवसांची कामं लिहून काढा. मायकल स्कलिन यांच्या गटाने २०१८ मध्ये ५७ तरुणांवर हे प्रयोगशाळेत करून पाहिलं. ज्यांनी पुढे करायची कामं लिहिली त्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. शुक्रवारची यादी पक्की असेल तर बहुधा याची गरज पडत नाही.

सोमवारचा पहिला तास

ऑफिसात पोहोचल्यावर मेल उघडू नका. हे सगळ्यांना अशक्य वाटतं, पण पाऊण तास कुणीही थांबू शकतं. शुक्रवारी खूण करून ठेवलेली फाइल उघडा आणि ठरलेलं पहिलं काम करा. ते मुद्दाम अर्ध्या-पाऊण तासात संपेल असं निवडायचं, आणि थोडं आवडीचं असेल तर उत्तम. दिवसाची सुरुवात एक गोष्ट पूर्ण करून झाली की पुढचा ढिगारा तेवढा अंगावर येत नाही. मेलने सुरुवात केलीत तर पहिल्याच मिनिटाला दिवस इतरांच्या हातात जातो.

मेल उघडाल तेव्हा दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत उत्तर देऊ नका: नको ते काढून टाका आणि आज लागणाऱ्यांवर खूण करा. दुसऱ्या फेरीत फक्त खूण केलेल्यांना उत्तरं द्या.

दारातून आत शिरताना छाती धडधडत असेल तर चार मोजत श्वास आत घ्या, सहा मोजत बाहेर सोडा, पाच मिनिटं. बाहेर सोडलेला श्वास लांबला की हृदयाची गती मंदावते. श्वास जोरजोरात घेऊ नका, त्याने चक्कर येते.

सोमवारी दांडी मारण्याचा मोह

याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण उपाय वाटणारी ही गोष्टच आजार वाढवते. सकाळी बरं वाटत नाही असं कळवलं की त्या क्षणी मोठी सुटका वाटते. मेंदू हे लक्षात ठेवतो: भीती वाटली, टाळलं, बरं वाटलं. पुढच्या वेळी भीती अधिक जोरात येते, कारण ती वाढली की सुटका मिळते हे आता ठाऊक असतं. वर मंगळवारी दोन दिवसांचं काम साचलेलं असतं. खरोखर आजारी असाल तर सुट्टी घ्या. नुसत्या धास्तीने घेत असाल तर जा, पण दिवस हलका करून जा: एखादी मीटिंग पुढे ढकला, दुपारपर्यंत एकच काम ठेवा.

कारण माणूस किंवा कामाचा भार असेल तर

वरच्या कशानेही फरक पडला नाही आणि कागदावर दर रविवारी एकच नाव किंवा एकच बैठक येत असेल, तर दुरुस्ती तिथेच करावी लागेल. सोमवारी सकाळच्या आढाव्याची धास्ती असेल तर साहेबांना पंधरा मिनिटं मागा आणि थेट सुचवा: ‘आढावा सोमवारी नऊऐवजी दुपारी दोनला घेतला तर आकडे ताजे देता येतील, महिनाभर करून बघूया का?’ तक्रारीपेक्षा कामाच्या सोयीचं कारण आणि ठरावीक मुदत दिली की होकार मिळण्याची शक्यता वाढते. भार जास्त असेल तर कामांची यादी करून प्रत्येकापुढे लागणारे तास लिहा. आठवड्याचे तास चाळीस आणि बेरीज अठ्ठावन्न आली, तर तो कागद समोर ठेवून यातलं कोणतं मागे ठेवू, एवढंच विचारा.

अपमान, धमकी किंवा छळ होत असेल तर तुमची धास्ती बरोबर आहे, तिला शांत करत बसू नका. तारीख, वेळ, शब्द आणि कोण हजर होतं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि तक्रारीचा जो अधिकृत मार्ग असेल तो धरा.

सततची दमछाक, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो बर्नआउट असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद कामाच्या ठिकाणच्या, आटोक्यात न आलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हणून आहे. तो एका निवांत रविवारने जात नाही.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त रोज राहत असेल, शनिवारही धास्तीत जात असेल, अचानक श्वास कोंडून जीव जाईल असं वाटत असेल, किंवा रविवार पार पाडायला मद्य लागत असेल, तर डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि तातडीची मदत घ्या.

कुठून सुरू करायचं

सगळं एकदम करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त रविवारची नोंद आणि शुक्रवारचा अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यापासून मेल बंद आणि उठण्याची वेळ. त्यानंतर गरज वाटली तरच बाकीचं. त्रासाचा आकडा शून्यावर येत नाही, आठवरून चारवर आला तरी संध्याकाळ तुमची होते. एखादा रविवार पुन्हा आठवर गेला तर त्या शुक्रवारी काय राहून गेलं ते आधी तपासा.

लांब सुट्टीनंतरचा पहिला दिवस वेगळा हाताळा. शक्य असेल तर कामावर बुधवारी किंवा गुरुवारी परता, म्हणजे पहिला आठवडा दोन-तीन दिवसांचाच होतो. सुट्टीवर असल्याचं आपोआप जाणारं उत्तर एक दिवस जास्त चालू ठेवा, पहिल्या दिवशी मीटिंग घेऊ नका, आणि परतण्याच्या आदल्या दिवशी रात्री उशिराच्या प्रवासाचं तिकीट काढू नका.